धागा: आयटीआयनंतरचे शिकाऊ उमेदवारीचे वर्ष – वीजतंत्र्याने नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

नवा_फ्यूज

नमस्कार. मी माण तालुक्यातील असून शासकीय आयटीआयमधून वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला आहे. पुढील एका वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीसाठी माझ्यासमोर दोन ठिकाणे आहेत. एक म्हणजे घरापासून अठरा किलोमीटरवरचे वीज वितरणाचे उपविभागीय कार्यालय आणि दुसरे म्हणजे चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील, वाहनांचे सुटे भाग तयार करणारा कारखाना. वडिलांचा कल पहिल्या ठिकाणाकडे आहे, कारण तेथे एकदा पाय ठेवला की नोकरी ठरलेलीच, असे त्यांना वाटते. गेल्या वर्षी उमेदवारी केलेला एक मित्र मात्र म्हणतो की कुठेही गेलास तरी वर्षभर झाडू मारायचा आणि चहा आणायचा.

आयटीआयमध्ये आम्ही लाकडी बोर्डावर स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी केली, पंख्याची मोटर गुंडाळली आणि अर्थिंगचा खड्डा लांबून पाहिला. खऱ्या कामाच्या जागी मी अजून उभा राहिलेलो नाही. दिवसभर काम काय असते, शिकवतो कोण आणि वर्ष संपल्यावर हातात काय उरते, हे अनुभवी सभासदांनी सांगावे, अशी विनंती आहे.

निवृत्त_तारवाला

माझा नातू तुमच्याच वयाचा आहे, तरी येथे 'तुम्ही'च म्हणतो. वीज वितरणात बत्तीस वर्षे काढली, त्यांतील बरीच खांबावर आणि उरलेली खांबाखाली उभे राहून दुसऱ्याला सांगण्यात गेली. वितरणाकडे गेलात तर पहिले दोन महिने तुम्ही साहित्य वाहाल, शिडी धराल, तारेवरच्या फांद्या तोडताना दोर ओढाल, मीटरच्या तक्रारींना लाइनमनच्या मागे गाडीवर बसून जाल. तुमचा मित्र ज्याला झाडूकाम म्हणतो ते बहुधा हेच. पण शिडी धरणाऱ्याला वर चाललेले सगळे दिसत असते, ही गोष्ट तो विसरला.

एक प्रसंग सांगतो. जूनचा पहिला आठवडा होता आणि पाऊस भुरभुरत होता. शेतातल्या एका शंभर केव्हीएच्या रोहित्रावर जळालेली लग (तारेच्या टोकावरची धातूची जोडणी) बदलायची होती. उपकेंद्रातून परमिट घेण्याइतके मोठे काम नाही म्हणून आम्ही जागेवरचाच एबी स्विच, म्हणजे तिन्ही तारांचा पुरवठा पात्यांनी एकदम तोडणारा खांबावरचा स्विच, उघडला. हँडल खाली आले, कुलूप लावले, आणि आमचा माणूस चढण्यासाठी पट्टा बांधू लागला. तेवढ्यात सोबतचा शिकाऊ मुलगा वर बघत म्हणाला, "काका, मधले पाते आतच आहे का?" आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. दोन्ही बाजूंची पाती व्यवस्थित बाहेर आली होती आणि मधले गंजून जागच्या जागी अडकले होते. अकरा हजार व्होल्टचा एक फेज तसाच रोहित्रापर्यंत येत होता. हँडल खाली आले म्हणजे स्विच उघडला असे नसते. तिन्ही पाती डोळ्यांनी मोजायची असतात. हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर उमेदवारीला जेमतेम सहा महिने झालेल्या एका मुलाने आठवून दिले.

त्यानंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे बंद लाइन जमिनीशी जोडणारी आकड्याची काठी, लावण्याचा क्रम येतो. आधी तारेचे टोक जमिनीकडच्या अर्थिंगला घट्ट बांधायचे आणि मगच आकडा लाइनवर टाकायचा. काढताना नेमके उलट करायचे, म्हणजे लाइनवरचा आकडा आधी आणि अर्थिंग शेवटी. हा क्रम चुकला तर रॉडच घात करतो. लाइन बंद असली तरी रॉड का लावायचा, असे नवी मुले विचारतात. वस्तीवर कोणी जनरेटर किंवा घरचा इन्व्हर्टर चुकीच्या पद्धतीने जोडला असेल, तर तो दाब लघुदाब तारांवरून रोहित्रात उलटा शिरतो आणि पलीकडे उच्चदाब होऊन उभा राहतो. ज्याने जनरेटर चालू केला त्याला बिचाऱ्याला याची कल्पनाही नसते.

वडिलांना एवढेच सांगा की उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. विद्युत सहायकाची जाहिरात येते तेव्हा अर्ज वेगळा करावा लागतो आणि निवडही वेगळी होते.

पॅनेलवाला

तारवाले काकांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. मी पुणे जिल्ह्यातीलच एका कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि दरवर्षी चार-पाच शिकाऊ उमेदवार माझ्या हाताखालून जातात, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कारखाने उमेदवार का घेतात, हे आधी समजून घ्या. तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला कायद्याने अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यामुळे काही कारखाने मनापासून शिकवतात, तर काही केवळ आकडा भरण्यासाठी मुले घेतात आणि त्यांना पॅकिंगच्या पट्ट्यावर उभे करतात. प्रवेश घेण्याआधी तेथील जुन्या उमेदवाराला गाठून एकच प्रश्न विचारा की वर्षभरात त्याने किती पॅनेल उघडले. उत्तर 'एकही नाही' असेल तर त्या कारखान्याची इमारत कितीही चकचकीत असो, तिकडे जाऊ नका.

चांगल्या विभागात पहिला महिना केबल ओढण्यात, ग्लँड आणि लग बसवण्यात, तारांवर फेरूल (क्रमांकाच्या नळ्या) घालण्यात आणि पॅनेलमधली धूळ काढून टर्मिनल घट्ट करण्यात जातो. हे काम कंटाळवाणे वाटते खरे, पण सैल टर्मिनल तापून काळे पडलेले ज्याने स्वतःच्या हाताने पाहिले, त्याला पुढे पॅनेलचा दरवाजा उघडताच वासावरून बिघाड ओळखता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून ड्रॉइंग हातात घेऊन उभे राहण्याची सवय लावा. तुम्ही आयटीआयच्या बोर्डावर केलेला स्टार-डेल्टा येथेही तोच असतो. फरक इतकाच की येथे तीन कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड रिले आणि चार ठिकाणचे आपत्कालीन बटण एका दरवाजामागे चाळीस तारांत गुंतलेले असतात आणि मागे उत्पादन विभागाचा माणूस घड्याळ बघत उभा असतो.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो, कारण ती माझीही चूक होती. मोटर सुरू होत नव्हती. उमेदवाराने मुख्य आयसोलेटर बंद केला, स्वतःचे कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली; सगळे शिकवल्याप्रमाणे केले. नंतर स्क्रू ड्रायव्हर टाइमरच्या टर्मिनलला लागला आणि ठिणगी उडाली. कंट्रोलचा ११० व्होल्ट पुरवठा शेजारच्या पॅनेलमधून येत होता आणि तसे लिहिलेली पट्टी कधीतरी गळून पडली होती. मुलाला इजा झाली नाही, पण ती पट्टी जागेवर आहे की नाही हे बघणे माझे काम होते. तेव्हापासून माझ्या विभागात नियम आहे की मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तपासायचा, मग बंद केलेल्या जागी लावायचा आणि पुन्हा एकदा चालू ठिकाणी लावून मीटर जिवंत असल्याची खात्री करायची. नियॉन टेस्टरवर कोणीही भरवसा ठेवायचा नाही. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे यंत्र, असेल तर पुरवठा बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भारित राहतात, म्हणून त्यावर लिहिलेली मिनिटे मोजून थांबायचे.

शिल्पनिदेशक

मी आयटीआयमध्ये शिकवतो, त्यामुळे कागदपत्रांची बाजू लिहिणे माझ्याकडे आले आहे. ती कंटाळवाणी असली तरी वर्षाच्या शेवटी रडत येणारी मुले बहुतेक वेळा कागदामुळेच रडत असतात.

तुमची उमेदवारी शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली येते. करार लेखी असतो आणि शासनाच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर त्याची नोंद होते. ही नोंद झाली नसेल तर तुम्ही कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार नाही, मग साहेब तोंडाने काहीही म्हणोत. वर्ष पूर्ण झाल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे एनएसी म्हणतात ते, मिळते. आयटीआयचे एनटीसी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आणि हे एनएसी ही दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. रेल्वेच्या पहिल्या स्तरावरील सरळ भरतीत, रेल्वेच्याच आस्थापनेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी वीस टक्के जागा असतात, हेही लक्षात ठेवा. परळ आणि माटुंग्याच्या कार्यशाळांसाठी मुले धडपडतात ती याचमुळे.

विद्यावेतनाबाबत सांगायचे तर २०१९ च्या दुरुस्तीने आयटीआय उत्तीर्ण उमेदवारासाठी दरमहा किमान ७,००० रुपये ठरवले. करार करण्याच्या दिवशी लागू असलेला आकडा करारावर लिहिलेला असतो, तो वाचा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत असलेल्या आस्थापनांत या रकमेचा एक भाग, किमान विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के आणि जास्तीत जास्त १,५०० रुपये, शासनाकडून थेट उमेदवाराच्या बँक खात्यात येतो. त्यामुळे पैसे दोन वेगळ्या तारखांना जमा झाले तर लगेच मालकाने कापले असे समजू नका; मात्र खाते आधारशी जोडलेले नसेल तर शासनाचा भाग अडकतो.

कायद्यातील तीन गोष्टी पाठ करून ठेवा. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगारांचे बहुतेक हक्क त्याला लागू होत नाहीत. पण सुरक्षिततेच्या तरतुदी लागू होतात आणि प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर असते. तसेच शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीविना त्याला जादा वेळ काम करायला लावता येत नाही.

आणखी एक गोंधळ दरवर्षी होतो. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि ही उमेदवारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या योजनेतून एनएसी मिळत नाही.

पक्कड

सगळे मोठ्या आस्थापनांबद्दल बोलत आहेत, म्हणून तिसऱ्या वाटेबद्दल लिहितो. मी कोल्हापुरात इमारतींच्या वायरिंगची कामे घेतो आणि स्वतः कोणत्याही कराराशिवाय एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. पहिले वर्षभर छिन्नी-हातोड्याने भिंतीत खाचा पाडल्या. स्लॅब भरण्याच्या आदल्या रात्री टॉर्चच्या उजेडात सळ्यांवर पाइप बांधले, कारण सकाळी सहाला काँक्रीट येणार म्हणजे येणारच आणि राहिलेला पंख्याचा बॉक्स नंतर कोणाच्या बापाला बसवता येत नाही. वायर मात्र मला सातव्या महिन्यात हातात मिळाली: दिव्यांना दीड, सोळा अँपियरच्या प्लगला अडीच आणि एसीला चार चौरस मिलीमीटर.

शिकलो मात्र पक्के. एका घरात बाथरूमचा दिवा लावला की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायची. मालकाने दोनदा आरसीसीबी बदलून घेतली होती. मिस्त्रींनी मला बोर्डासमोर बसवले आणि सांगितले की न्यूट्रल शोध, फेजकडे बघू नकोस. दीड तासाने सापडले की त्या दिव्याचा फेज एका आरसीसीबीवरून गेला होता आणि न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या पट्टीवर परत येत होता. गेलेला आणि आलेला प्रवाह सारखा नसला की तीस मिलिअँपियरला ती पडणारच. बिघाड यंत्रात नव्हता, आमच्याच आधी येऊन गेलेल्या वायरमनच्या घाईत होता. हे मला कोणत्या कारखान्यात शिकायला मिळाले असते?

शिल्पनिदेशक

पक्कड, तुमच्या कौशल्याबद्दल शंका नाही, पण वाचणाऱ्या मुलांसाठी उरलेली गोष्टही सांगा. स्वतःच्या नावावर कामे घेण्यासाठी परवाना लागतो आणि तेथे अर्जासोबत शिक्षणाचा व अनुभवाचा कागद मागतात.

पक्कड

मान्य आहे. अनुभवाचा दाखला देणारा परवानाधारक ठेकेदार शोधण्यात माझी तीन वर्षे गेली आणि तोवर माझ्या कामाच्या चाचणी अहवालावर दुसऱ्याची सही आणि दुसऱ्याचाच फायदा होता. नवा_फ्यूज यांच्याकडे दोन चांगल्या वाटा असताना त्यांनी माझ्या वाटेने येऊ नये. रविवारी हाताला वळण म्हणून कोणा मिस्त्रीसोबत जायला हरकत नाही.

ठिणगी

माझी उमेदवारी एका मोठ्या कार्यशाळेत झाली. वीजतंत्री व्यवसायात आम्ही अठ्ठेचाळीस जणांत तीन मुली होतो. मुलींनी या धाग्यावर काही विचारलेले नाही, पण वाचत असतील म्हणून लिहिते. पहिल्या आठवड्यात मला 'जड काम नको' म्हणून कार्यालयात नोंदी लिहायला बसवले. हेतू चांगला होता आणि परिणाम वाईट. परीक्षेत प्रात्यक्षिक असते आणि नोंदी लिहून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे यंत्र, धरता येत नाही. मी फोरमन साहेबांना लेखी अर्ज दिला की माझ्या व्यवसायाच्या अभ्यासक्रमातील कामे मला मिळावीत. ते चिडले नाहीत. उलट अर्ज फाइलला लावून मला मोटर विभागात पाठवले, कारण कागद आल्यावर त्यांनाही उत्तर द्यावे लागत होते.

तेथे पहिल्याच दिवशी एका वयस्क कारागिरांनी माझ्या हातातील बांगड्या आणि गळ्यातील साखळी काढायला लावली, मुलांच्या अंगठ्याही काढायला लावल्या. मग मोटरचे इन्सुलेशन मेगरने तपासायला दिले. मी वाचन घेतले आणि लगेच टोकाला हात लावायला गेले, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. मेगरने वाइंडिंग भारित होते, आधी ते अर्थला जोडून रिकामे करायचे असते. पुस्तकात ते वाक्य मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

कामाची नोंदवही रोज लिहा. आठवड्याचे एकदम लिहायला बसलात तर सगळ्या दिवसांपुढे 'देखभाल' एवढाच शब्द येतो आणि सही करणाऱ्यालाही काही आठवत नाही.

नवा_फ्यूज

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना तारवाले काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. नोकरीबद्दलचे वाक्य ऐकून ते थोडे गप्प झाले, पण मधल्या पात्याची गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावली. चाकणच्या कारखान्यातील एका जुन्या उमेदवाराशी फोनवर बोललो आणि पॅनेलवाल्यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो म्हणाला, मोजले नाहीत, पण महिन्यातून चार-पाच तरी उघडत असू. त्यामुळे मी चाकणकडे झुकलो आहे. एकच शंका आहे. वरिष्ठाने चालू पुरवठ्यावर हात घालायला सांगितले आणि मला ते धोक्याचे वाटले, तर नकार कसा द्यावा? वर्षभर त्यांच्याच हाताखाली राहायचे आहे.

निवृत्त_तारवाला

'मी करत नाही' असे म्हणू नका, 'बंद कुठून करायचे ते दाखवता का?' असे विचारा. दहापैकी नऊ वेळा तो माणूस पुटपुटत का होईना, पण जाऊन बंद करतो, कारण त्यालाही ते ठाऊक असते. दहाव्या वेळी सरळ मागे व्हा आणि पर्यवेक्षकाकडे जा. वीज सुरक्षेच्या विनियमांप्रमाणे अशा कामासाठी माणूस नावानिशी प्राधिकृत असावा लागतो. शिकाऊ उमेदवाराचे नाव त्या यादीत नसते, आणि अपघातानंतर सर्वांत आधी तीच यादी बाहेर काढतात.

पॅनेलवाला

काकांशी पूर्ण सहमत आहे. माझ्यासमोर एखादा उमेदवार असे विचारतो तेव्हा मला राग येत नाही, थोडी लाज मात्र वाटते. येताना स्वतःचे बूट पायात बसतील असे मागून घ्या. भांडारात उरलेले दहा नंबरचे बूट घालून शिडी चढणारी मुले मी पाहिली आहेत. सुती कपडे घाला, आणि स्वतःचे कुलूप दिले नाही तर पहिल्याच दिवशी मागा.

नवा_फ्यूज

आज पोर्टलवर कारखान्याकडून कराराचा मसुदा आला. कालावधी आणि विद्यावेतन बरोबर आहे, पण व्यवसायाच्या रकान्यात 'वीजतंत्री'ऐवजी 'तारतंत्री' असे आले आहे. मनुष्यबळ विभागातील ताई म्हणाल्या की काम तेच आहे, स्वीकारून टाका, नंतर बघू. काय करावे?

शिल्पनिदेशक

स्वीकारू नका. हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. परीक्षेचा अर्ज आणि पुढचे प्रमाणपत्र करारावरच्या व्यवसायाचेच निघते, आणि तुमचे एनटीसी वीजतंत्रीचे आहे. कारखान्याला आजच लेखी कळवा, एनटीसीची प्रत जोडा आणि दुरुस्त मसुदा मागा. त्याचीच एक प्रत तुमच्या आयटीआयमधील शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या शिक्षकांना द्या. स्वीकारण्याआधी ही दुरुस्ती दोन दिवसांत होते. सही झाल्यानंतर तिच्यासाठी फेऱ्या घालणारी मुले माझ्या टेबलासमोर मार्चपर्यंत उभी असतात.

नवा_फ्यूज

अर्ज लिहिला आहे. उद्या सकाळच्या एसटीने आयटीआयमध्ये प्रत देऊन येतो आणि दुरुस्त मसुदा आला की येथे कळवतो.